पुण्याची ऑफर आलीय, जाऊ की नको? (वाचकांचे प्रश्न)

या वेळी तीन पत्रं साधारण एकाच गोष्टीची आली म्हणून बाकीची बाजूला ठेवली. सासूबाईंच्या एफडीवाला प्रश्न पुढच्या अंकात घेतो, विसरलो नाही.

प्रश्न : काका नमस्कार. मी २८ वर्षांचा, नागपूरला मानेवाड्यात राहतो, घर स्वतःचं आहे. मिहानमधे एका आयटी कंपनीत टेस्टिंगला आहे, चार वर्षं दहा महिने झाले. हातात ३८ हजार येतात, त्यातले १२ घरी देतो. आता हिंजवडीच्या एका कंपनीची ऑफर आलीय, ९ लाखांचं पॅकेज, आठवड्यातून तीन दिवस ऑफिस. काम ऑटोमेशनचं आहे, म्हणजे प्रोग्राम लिहून टेस्टिंग करायचं, इथे मी पहिल्या दिवसापासून तेच मॅन्युअल टेस्टिंग करून राहिलोय, त्याच क्लायंटचं, आता तर डोळे मिटून होतं. बाबा ६३ वर्षांचे, रिटायर्ड, मागच्या वर्षी स्टेंट टाकला, शुगर आहेच. आई ठीक आहे पण गुडघे दुखतात. ताई लग्न होऊन अमरावतीला. आई म्हणते जा, इथे काय ठेवलंय. मित्र म्हणतात यात विचार काय करायचा बाप्पा. मावशीने तर लग्नाच्या बायोडाटात नोकरीचं ठिकाण पुणे टाकूनपण दिलं. बाबा काहीच बोलत नाहीत, फक्त परवा जेवताना म्हणाले की यावर्षी कूलरचं गवत लवकर बदलून घेऊ. तेव्हापासून झोप नाही लागत नीट. वाकडला वन बीएचकेचे २२ हजार सांगतायत. माझा नोटीस पिरियड ९० दिवसांचा आहे, नवीन कंपनी म्हणते ३० दिवसांत या, बाकीचे दिवस आम्ही पैसे भरून सोडवतो. सोमवारपर्यंत कळवायचंय. जाऊ की नको?
– मानेवाड्याचा एक वाचक

उत्तर : आधी ते सोमवारचं सांगतो. याला मी त्याच दिवशी मेल केला होता की आठ दिवस मागून घे, आणि मिळाले. ज्यांनी तीन तीन राउंड घेऊन तुला निवडलं ते आठ दिवसांसाठी तुला सोडत नाहीत. मी एचआरमधे बावीस वर्षं काढली, आधी बुटीबोरीला मग चाकणला, आणि ते 'सोमवारपर्यंत कळवा' वाले मेल माझ्याच बोटांनी टाइप झालेले आहेत, त्यातली निम्मी घाई आमची शीट भरायची असायची.

आता उत्तर. जा. पण वाकडच्या वन बीएचकेत नाही, आणि ३० दिवसांत तर अजिबात नाही.

काहून ते सांगतो. ९ लाख म्हटलं की आपण १२ ने भागतो आणि ७५ हजार डोळ्यासमोर नाचायला लागतात, आईने तर तेवढ्यात तुझा फ्लॅटपण बघून ठेवला असेल. ऑफर लेटरचं शेवटचं पान काढ, जिथे बारीक अक्षरात तक्ता असतो. तू पाठवलेल्या फोटोत व्हेरिएबल १० टक्के आहे, म्हणजे ९० हजार वर्षाच्या शेवटी, ते पण कंपनीचं आणि तुझं रेटिंग दोन्ही बरं असेल तर. बेसिक, म्हणजे मूळ पगार, निम्मा धरलाय, नोव्हेंबर २०२५ पासून नवे लेबर कोड (कामगार कायदे) लागू झाले तेव्हापासून बरेच जण असंच धरायला लागलेत. त्यामुळे कंपनीचा पीएफ ५४ हजार आणि ग्रॅच्युइटीचे (नोकरी सोडताना मिळते ती रक्कम) साडेएकवीस हजार तुझ्याच ९ लाखांतून बाजूला निघतात. राहिले ७ लाख ३४ हजार, महिन्याचे ६१ हजार २००, त्यातून तुझा स्वतःचा पीएफ साडेचार हजार आणि प्रोफेशनल टॅक्सचे २०० गेले की हातात येतात साडेछप्पन हजार. इन्कम टॅक्सचं टेन्शन नाही, नवीन रेजीममधे, म्हणजे कर मोजायच्या नव्या पद्धतीत, १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर बसत नाही. फक्त मित्र सांगतील की घरभाड्याच्या पावत्या जमव, सूट मिळते, तर ती सूट जुन्या रेजीममधे आहे, नवीनमधे नाही, उगाच मालकाच्या मागे लागू नको.

मग साडेछप्पनमधून वाकडचं भाडं २२, डबा आणि सकाळचा नाश्ता मिळून ७, पेट्रोल, लाइट, वायफाय, भांडेवाली ४, आणि महिन्यातून एकदा नागपूरला आला-गेलास तर साडेतीन. झाले साडेछत्तीस. उरले २०, त्यातून घरचे १२ पाठवले की हातात ८. इथे तू ३८ मधून १२ घरी देतोस, स्वतःवर समज ८ उडवतोस, तरी १८ उरतात. पगार दीडपट आणि शिल्लक निम्म्याहून कमी! आणि हे महिन्याचं झालं, सुरुवातीला तीन महिन्यांचं डिपॉझिट, ब्रोकरचं एक भाडं आणि पहिलं भाडं असे १ लाख १० हजार एकदम काढावे लागतील ते वेगळेच. तेच दोघा-तिघांत मिळून फ्लॅट घेतला आणि तुझ्या वाट्याला ९ आले, तर महिन्याला २१ उरतात. म्हणून म्हटलं वन बीएचके नको. लग्न ठरलं की बघू, मावशी आहेच.

पण हेपण समजून घे की शेअरिंगमधे राहूनसुद्धा तू आत्तापेक्षा तीनच हजार जास्त वाचवशील. तीन हजारांसाठी कोणी मानेवाड्याचं घर आणि आईच्या हातचा गोळाभात सोडून भूमकर चौकात सिग्नलला उभं राहत नाही. पैशासाठी जात असशील तर नको जाऊ, सरळ सांगतो. तुझ्या पत्रात खरी गोष्ट एकाच वाक्यात आहे, ती तू मधेच टाकून पुढे निघून गेलास, की काम डोळे मिटून होतं. अठ्ठावीसाव्या वर्षी डोळे मिटून काम होणं चांगलं नाही रे, बावन्नाव्या वर्षी चालतं. मी मुलाखती घ्यायचो तेव्हा पाच वर्षं एकच काम केलेली पोरं समोर यायची, हुशार असायची, पण त्यांच्याकडे पाच वर्षांचा अनुभव नसायचा, एकाच वर्षाचा पाच वेळा असायचा, आणि ते पहिल्या दहा मिनिटांत कळायचं. त्यामुळे सही करायच्या आधी पॅकेजपेक्षा कामाचं विचार. टीम कोणती, ऑटोमेशनचं काम पहिल्या दिवसापासून की 'सहा महिने आधी मॅन्युअल करा मग बघू', आणि ज्याच्या हाताखाली काम करणार त्याच्याशी पंधरा मिनिटं फोनवर बोलायला मिळेल का. ते टाळाटाळ करायला लागले तर माझं वरचं 'जा' मी मागे घेतो.

आता ३० दिवसांचं. नवीन कंपनी तुझे ६० दिवस पैसे भरून सोडवते म्हणजे तुझ्यावर उपकार करून राहिली असं वाटतं नं, पण बघ. तुला चार वर्षं दहा महिने झाले. ग्रॅच्युइटीला पाच वर्षं लागतात. कोणीतरी सांगतं की सहा महिन्यांच्या वर असलं की पूर्ण वर्ष धरतात, ते खरं आहे पण आधी पाच पूर्ण झाल्यावर, वरच्या महिन्यांसाठी. काही हायकोर्टांनी चार वर्षं २४० दिवस पुरतात असंही धरलंय, पण त्यासाठी कंपनीशी पत्रापत्री करत बसायला तुला वेळ आहे का? नोटीस पिरियडमधे तू पगारावर असतोस, ते दिवस सर्व्हिसमधेच मोजतात. म्हणजे आज राजीनामा टाकून पूर्ण ९० दिवस काम केलंस तर पाच वर्षं आपोआप उलटून जातात. तुझं बेसिक २२ हजार आहे, त्याला १५ ने गुणायचं, २६ ने भागायचं आणि पाच वर्षांनी गुणायचं, ६३ हजार ४०० च्या आसपास येतात. तीस दिवसांत गेलास तर हे पैसे एकतर जातात नाहीतर त्यासाठी भांडावं लागतं. नवीन लोकांना स्पष्ट सांग की ९० दिवसांनीच येतो, फारच ताणलं तर म्हण की मग ही रक्कम जॉइनिंग बोनसमधे द्या. आणि जॉइनिंग बोनस किंवा सामान हलवायचे पैसे घेतलेच तर खाली अट असते, वर्षाच्या आत सोडलं तर परत द्यायचे, ती वाचूनच सही कर.

सामानाच्या पैशांवरून माझीच गंमत सांगतो. १९९९ ला मी चाकणला निघालो तेव्हा तिथल्या मोठ्या साहेबांनी फोनवर सांगितलं होतं की ट्रकचं बिल द्या, करून टाकू. मी एचआरचा माणूस, दिवसभर लोकांना 'लेखी घ्या' सांगणारा, आणि स्वतः फोनवर विश्वास ठेवून मोकळा झालो. ट्रक पोचेपर्यंत साहेब दुसरीकडे गेले आणि नवीन साहेबांना काही माहीतच नव्हतं. कपाटाचा एक पाय तुटला तो वेगळा. ते बिल माझ्याकडे अजून आहे, बायको दरवर्षी दिवाळीत सफाई करताना काढून दाखवते.

लेखी घ्यायची अजून एक गोष्ट, आणि तुझ्या घरासाठी मला ही पगारापेक्षा मोठी वाटते. आत्ताच्या कंपनीच्या मेडिक्लेममधे आई-बाबा आहेत का? असतील तर साधारण तुझ्या शेवटच्या दिवसापर्यंतच. नवीन कंपनीच्या पॉलिसीत पालक धरतात का, किती लाखांचं कव्हर, प्रीमियम तुझ्या पगारातून किती कापतात, आणि बाबांचं हृदय आणि शुगर पहिल्या दिवसापासून कव्हर आहे का, हे चार प्रश्न मेलवर विचारून उत्तर मेलवरच घे. ग्रुप पॉलिसीत जुने आजार बहुतेक पहिल्या दिवसापासून असतात, पण पालकांची नावं जॉइन झाल्यावर ठरलेल्या दिवसांच्या आत टाकायची असतात आणि नवीन पोरं त्या गडबडीत विसरतात, मग थेट पुढच्या वर्षी. ७० च्या वरच्या सगळ्यांना आयुष्मानचं ५ लाखांचं कव्हर मिळतं, बाबांना त्यासाठी अजून सात वर्षं आहेत.

आता कूलर.

बाबांनी 'जाऊ नको' म्हटलेलं नाही भाऊ. त्यांनी कामांची यादी करायला घेतली. मार्चमधे आपल्याकडे काय काय असतं, माळ्यावरून कूलर काढायचा, टाकी घासायची, तळाचा गंज खरवडायचा, पंप चालतो की नाही ते बादलीत टाकून बघायचं, तिन्ही बाजूंचं जुनं गवत उपसून नवीन दाबून भरायचं आणि मग तो सगळा लोखंडी डबा खिडकीच्या स्टँडवर चढवायचा. स्टेंटवाल्या माणसाने तो उचलायचा नाही, हे तुला माहीत आहे आणि त्यांना पण माहीत आहे, म्हणून तू असतानाच करून घेऊ म्हणाले. माझ्या वडलांनी माझ्या वेळेला गॅसच्या नंबराचं विचारलं होतं, म्हणजे सिलिंडर नोंदवायचा नंबर कुठे लिहिलाय. मी तेव्हा चिडलो होतो की मी एवढं सांगून राहिलो आणि यांना गॅसचं पडलंय.

म्हणून एक संध्याकाळ तिघं बसा आणि तू घरात नक्की काय काय करतोस ते लिहून काढा. लाजू नको, सगळं लिही. बाबांच्या गोळ्या आणणं, तीन महिन्यांनी रक्त तपासायला नेणं, बँकेचा ओटीपी, आईच्या मोबाइलचं रिचार्ज, बुधवारच्या बाजारातून जड पिशवी, कूलर. मग बघशील की निम्मी कामं पैसे टाकले की होतात, गोळ्या मेडिकलवाला घरपोच देतो, रक्त घ्यायला लॅबवाला घरी येतो. थोडी ताई अमरावतीहून फोनवर करू शकते आणि तिला ती सांगितलीच पाहिजेत, मुलगी लग्न होऊन गेली म्हणून तिला यादीतून वगळायचं ही आपल्याकडची फार जुनी खोड आहे. शेवटी एखाद-दुसरीच गोष्ट उरते आणि तीच खरी असते. रात्री दोन वाजता छातीत दुखलं तर गाडी कोण काढणार? याचं उत्तर 'बघू, शेजारी आहेत' असं नाही चालत. शेजाऱ्याकडे जाऊन बस, चहा घे, स्पष्ट विचार, काका रात्री फोन केला तर याल का. हो म्हणाले तर घराची एक किल्ली त्यांच्याकडे, बाबांची फाइल टीव्हीच्या खाली समोरच, सगळ्यात वर अँजिओप्लास्टीचा डिस्चार्ज पेपर, आणि कोणत्या हॉस्पिटलला न्यायचं ते आजच ठरलेलं. हे ज्या दिवशी जमेल त्या दिवशी निघ. नाहीच जमलं, शेजारी पण म्हातारे आणि जवळ कोणीच नाही, तर मग ऑफर कितीही चांगली असो, आधी हे बसव मग पुण्याचं बघ.

येण्या-जाण्याचं म्हणशील तर पुणे काही जवळ नाही, रेल्वेने ८८० किलोमीटर आहे. आपण झिरो माईलवाले, सगळा देश आपल्यापासून सारखाच लांब. ऑगस्ट २०२५ पासून अजनीहून पुण्याला वंदे भारत आहे, पण ती दिवसाची आणि बारा तास घेते, म्हणजे शनिवार गेला. ती तुझ्यासाठी नाही, आई-बाबांना तिकडे न्यायला चांगली, गुडघेवालीला वर चढायची बर्थ नको नं. तू शुक्रवारी रात्रीच्या ट्रॅव्हल्सनेच येणार. खासगी बसवाल्यांना एसटीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त घेता येत नाही असा नियम आहे, दिवाळीत तिकीट बघशील तेव्हा हा नियम आठवून हस. रेल्वेचं रिझर्वेशन आता ६० दिवस आधी उघडतं (आधी १२० होतं, नोव्हेंबर २०२४ पासून बदललं), तर लक्ष्मीपूजनाच्या दिवसापासून मागे मोजून आत्ताच मोबाइलमधे गजर लावून ठेव. आणि पंधरा हजार वेगळ्या खात्यात टाक, त्याला हात लावायचा नाही, ते अचानकच्या विमानाचे.

ऑफिसला अजून एक विचारून बघ, महिन्यातला एक आठवडा नागपूरहून काम करू देतील का. तीन दिवस ऑफिसवाल्या कंपन्यांत मॅनेजर चांगला असला तर हे जमतं, पण सही करायच्या आधीच विचारायचं, नंतर विचारलं की ती सवलत होते.

आणि बाबांना तारीख सांग. 'बघू किती दिवस' असं म्हणून जाऊ नको. भाड्याचं ॲग्रीमेंट अकरा महिन्यांचं असतं (रजिस्टर करूनच घे, महाराष्ट्रात ते बंधनकारक आहे, मालक म्हणेल काय गरज आहे), तर म्हण की ॲग्रीमेंट संपलं की परत चौघं बसू, ताईपण. तेव्हा हातात ऑटोमेशनचं वर्षभराचं काम असेल, मग मिहान असो की पुणे, तुझी निवड असेल.

हो, आणि तिकडे भाजीवाल्याला सांबार मागू नको. कोथिंबीर म्हण. मी पहिल्या आठवड्यात मागितला तर त्याने मला समोरच्या इडलीवाल्याचा पत्ता दिला होता.

प्रश्न : नमस्कार. मी सरकारी बँकेत क्लार्क आहे, वय ३६. ऑफिसरच्या प्रमोशनमधे नाव आलंय आणि पोस्टिंग तेलंगणात वारंगलकडे. मिस्टर हिंगणा एमआयडीसीत, मुलगा चौथीत, सासू-सासरे नंदनवनला आमच्याकडेच. घरात सगळे म्हणतात सोडून दे प्रमोशन, पगारात असा काय फरक पडणार आहे. माझ्या एकटीसाठी पूर्ण घर हलवायचं का, असं मलाही वाटतं. काय करू?
– नंदनवनहून एक वाचक

उत्तर : ताई, वरच्या मुलाच्या पत्रात आणि तुमच्या पत्रात एक फरक बघा. त्याला सगळे जा म्हणतात आणि तो थांबलाय, तुम्हाला सगळे थांब म्हणतात आणि तुम्ही पत्र लिहिलंय. जायचं मनात नसतं तर लिहिलं नसतं असं मला वाटतं, चुकत असेन तर खालचं सोडून द्या.

'पूर्ण घर हलवायचं का' हा प्रश्नच कोणी काढला? कोणी हलवायला सांगितलेलं नाही. मिस्टरांची बदली झाली असती तर ते डबा-कॉट घेऊन एकटे गेले असते, कोणी काही बोललंही नसतं, उलट स्टेशनवर सोडायला गेले असते सगळे. तुम्हीही पहिलं वर्ष एकट्या जाऊ शकता. काझीपेटला उतरायचं, वारंगल तिथून लागूनच आहे. सप्टेंबर २०२४ पासून नागपूर-सिकंदराबाद वंदे भारत आहे, ती काझीपेटला थांबते, शिवाय दिल्ली-चेन्नई लाइन असल्यामुळे इतर गाड्या भरपूर. पुण्यापेक्षा अंतर निम्म्याच्या आसपास आहे. महिन्यात दुसरा आणि चौथा शनिवार बँकेला सुटी, म्हणजे दोन वेळा तर घरी येणं होतंच.

मुलाची शाळा पहिल्या वर्षी नका हलवू. आपल्याकडे विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटाला उघडतात, तिकडे आधी, शिवाय तेलंगणात शाळेत तेलुगू घ्यावं लागतं. चौथीतल्या पोराला आजी-आजोबा आहेत, बाबा आहेत. त्याचा अभ्यास कोण घेणार आणि डबा कोण भरणार हे मात्र मिस्टरांनी तुमच्यासमोर बसून सांगावं, सासूबाईंनी नाही. हो, मुद्दाम म्हणतो. सासूबाई मदत करतील, पण जबाबदारी कोणाची हे आधीच ठरलं नाही तर तिसऱ्या आठवड्यात फोन येतो की पोराला ताप आहे आणि आई तिकडे साहेब होऊन बसलीय. माझ्या सोबतच्या एका बाईंनी हा फोन घेतला होता, माझ्यासमोर. त्या परत गेल्या नाहीत घरी, पण दोन दिवस जेवल्या नाहीत.

प्रमोशन नाकारायच्या आधी बँकेचं सर्क्युलर काढून बघा. नाकारलं की पुढची काही वर्षं बसता येत नाही असं बहुतेक बँकांत असतं, ती किती ते युनियनच्या माणसाला विचारा. तेव्हा तुम्ही चाळिशीला आणि मुलगा दहावीच्या तोंडावर, म्हणजे आत्तापेक्षा जड. त्याच माणसाला हेपण विचारा की परत नागपूर झोनला रिक्वेस्ट ट्रान्सफर किती वर्षांनी टाकता येते आणि बायकांसाठी नवऱ्याच्या गावाजवळ पोस्टिंगचा नियम तुमच्या बँकेत कसा लावतात. पगारातला फरक क्लार्कची सर्व्हिस जास्त झाली असेल तर खरंच सुरुवातीला थोडाच दिसतो, घरचे त्या बाबतीत बरोबर आहेत. पण तुमच्याकडे अजून चोवीस वर्षं सर्व्हिस आहे, फरक तिथे पडतो.

प्रश्न : आम्ही दोघं बजाजनगरला, ह्यांचं ७२ आणि माझं ६८. मुलगा बंगलोरला स्थायिक. म्हणतो घर विका आणि इकडेच या. ह्यांना नाही म्हणवत नाही आणि हो म्हणवत नाही.
– एक आजी

उत्तर : वहिनी, घर विकू नका. बंगलोरला जाऊ नका असं नाही म्हणत, विकू नका म्हणतो. विकलेलं बजाजनगरचं घर परत घ्यायचं म्हटलं तर मिळत नाही, आणि मुलाच्या घरातली खोली कितीही मोठी असली तरी तिच्या भिंतीला खिळा ठोकायच्या आधी आपण विचारतो.

एप्रिलच्या सुरुवातीला जा आणि पाऊस पडला की या. आपल्याकडे पंचेचाळीस असताना बंगलोरला पंखा पुरतो, तेवढ्यासाठी तरी जायला हरकत नाही. तीन महिन्यांत कळेल तुम्हाला, तिथे सकाळी बोलायला कोणी मराठी माणूस आहे का, यांना पेपर मिळतो का, सून ऑफिसला गेल्यावर दुपार कशी जाते, नातू मोबाइलमधून डोकं काढतो का. असं दोन उन्हाळे करून बघा, मग मुलाशी बोला. ह्यांचं ७२ आहे तर आयुष्मान वय वंदना कार्ड जायच्या आधी इथेच काढून घ्या, ५ लाखांपर्यंत आहे आणि योजनेतल्या हॉस्पिटलमधे देशात कुठेही चालतं. फक्त मुलाला म्हणा की घराजवळचं कोणतं हॉस्पिटल त्यात आहे ते शोधून ठेव, बाकी काही नको. ह्यांच्या औषधांच्या चिठ्ठ्या आणि पेन्शनचं पासबुक सोबत घ्या, बँकेत मोबाइल नंबर कोणता आहे तेही बघून ठेवा.

घर बंद करून जाल तेव्हा नळाचा मेन कॉक बंद करा आणि कूलरची टाकी पूर्ण रिकामी करून उलटी ठेवा, मनपाचे लोक डेंगूच्या अळ्या बघत फिरतात आणि आपल्या दाराला कुलूप दिसलं की शेजाऱ्यांना बोलून जातात.